ओल भिंतीची आहे, आमच्या सवयींची नाही
(वस्तीतल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

बंधू-भगिनींनो, आणि मागं जिन्यात उभ्या राहिलेल्या पोरांनो,

माझ्या बहिणीचा पोरगा तीन वर्षांचा. पाऊस लागला की त्याची छाती घरघरायला लागते. रात्री दोनला त्याला खांद्यावर टाकून रिक्षा शोधायची, हे आता दुसरं वर्ष. ज्या भिंतीला त्याचं अंथरूण लागतं तिच्यात वरच्या मोरीचं पाणी झिरपतं. पोपडे सुटलेत, त्यावर काळी बुरशी. बिल्डरचा माणूस आला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "तुम्ही लोक घरात कपडे वाळवता, दिवसभर पाणी सांडता. रंग मारून घ्या."

तुम्ही लोक! १९२७ साली महाडला ओंजळभर पाण्यासाठी ज्यांनी आमच्या बापजाद्यांची डोकी फोडली, त्यांचेच वारस आज आम्हाला सांगतात, तुम्ही पाणी फार सांडता.

हे फक्त इथलंच आहे असं समजू नका. इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथं सुदानहून आलेल्या आईबापांचा अवाब इशाक नावाचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये मेला. दुसरा वाढदिवस नुकताच झाला होता. बापानं बुरशीची तक्रार २०१७ पासून केलेली. गृहनिर्माण संस्थेचं उत्तर काय? रंग मारा! संस्थेच्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की या माणसांची अंघोळीची पद्धतच अशी, म्हणून घर ओलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनर बाईंनी निकाल दिला : घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यानं श्वसनाचा आजार झाला, त्यात पोरगं गेलं. आईबाप गप्प बसले नाहीत. २०२३ साली त्याच्या नावाचा कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू आहे. तातडीचा धोका असेल तर तिथल्या सामाजिक घरांच्या मालकाला चोवीस तासांत हालचाल करावी लागते.

आणि आपल्याकडं? गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडात, लल्लूभाई कंपाउंडात जाऊन बघा. इमारती एकमेकींच्या छातीवर बसल्यात. खालच्या मजल्याला ऊन म्हणजे काय ते ठाऊक नाही. तिथं पाहणी झाली, तेव्हा उजेड-वारा नसणं आणि क्षय यांचा संबंध दिसून आला. पुनर्वसन म्हणतात याला!

परवा एक शहाणा म्हणाला, हप्त्यानं एसी घ्या, हवा कोरडी होईल. खरंय, एसी हवेतलं पाणी ओढतो. नळीतनं टपटपतं ते तेच. पण भिंतीत फुटलेला पाइप तो बुजवत नाही. आपल्याकडचा साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवाही आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. जाळी आणि पाण्याचा ट्रे धुतला नाही तर तिथंच बुरशी धरते अन् पोराच्या तोंडावर येते. वर लाइटबिल कोण भरणार? सध्या तर समोरच्या टॉवरचे एसी आपली गरम वाफ आमच्या खिडकीत सोडतात, म्हणून आम्ही खिडकी लावून घेतो, आणि आत ओल कोंडते.

आयांनो, एक सांगतो. अंथरूण त्या भिंतीपासून लांब ओढा. बुरशी कोरडी खरवडू नका, तिची धूळ छातीत जाते. साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा, तेव्हा पोराला बाहेर ठेवा. आणि डॉक्टरनं पंप दिला तर द्या. पंपाची सवय लागते ही अफवा आहे. माझ्याच आईनं ती धरून ठेवली आणि पोराचे सहा महिने हाल झाले.

पण पुसून पाइप दुरुस्त होत नाही. येत्या रविवारी आपण खोली-खोली फिरणार. कुठली भिंत, कधीपासून, घरात किती पोरं खोकतात, सगळं लिहायचं, तारखेसह फोटो काढायचे. तोवर कुणी रंग मारायचा नाही. डाग दिसले पाहिजेत. मग वही घेऊन सगळे मिळून ऑफिसात जायचं, पोरांना कडेवर घेऊन.

सुरुवात तळमजल्यापासून, सकाळी नऊला.