नव्या टायरची पहिली धाव

देहूहून इंद्रायणी ओलांडली की येलवाडीवरून चाकणचे कारखाने जवळच. केटीएम २०० ड्यूक २०१२ पासून चाकणलाच तयार होते. तिचं मागचं टायर १५०/६०-१७ मापाचं. बदलतानाही कंपनीने दिलेलंच माप घ्यावं. रुबाबासाठी त्याहून रुंद टायर चढवलं, तर ते त्याच रिमवर आवळून बसतं, त्याची गोलाई बिघडते आणि गाडी वळायला जड होते.

घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. तिथलाच बाण चाक फिरण्याची दिशा दाखवतो. घाईत टायर उलटं बसू शकतं, म्हणून दुकानातून निघण्यापूर्वीच पाहा.

आता खरी गोष्ट. साच्यातून आलेल्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो झिजेपर्यंत पकड कमीच. पहिले दीडशे किलोमीटर एकदम ब्रेक नको, जोरात पिकअप नको. वळणावर गाडी हळूहळूच झुकवत न्या, कारण टायरची कड सर्वांत शेवटी घासली जाते. नदीकाठच्या ओल्या रस्त्यावर तर अधिकच जपून. आणि हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना.