पडला की पाडला?

(ठाण्यातील एका हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव वाचून काहींना हा घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांवरचा परिसंवाद वाटला असेल. तसं नाही. आज बोलायचं आहे फुटबॉलच्या मैदानावर पडणाऱ्या माणसांबद्दल, आणि त्याहून जास्त त्यांच्यावरून भांडणाऱ्यांबद्दल.

हे भांडण ऐकायला फुटबॉलचं तिकीट लागत नाही, रेल्वेचं पुरतं. रविवारी रात्री इंग्लंडमधला सामना संपतो आणि सोमवारी सकाळी डोंबिवली फास्टच्या दारात तो पुन्हा खेळला जातो. एक आर्सेनलवाला, एक युनायटेडवाला, मध्ये तिघांच्या सॅका. 'तुमचा तो पडला.' 'पडला नाही, पाडला.' 'हात लागायच्या आधीच लोळत होता रे!' दादर येतं, दोघे उतरतात, मत कुणाचंच बदललेलं नसतं.

डोंबिवली-कल्याणात मल्याळी मंडळींची मोठी वस्ती आहे, त्यामुळे ३ मार्च २०२३ नंतर या वादाला देशी विषयही मिळाला. बंगळुरूत इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीचा सामना होता, बंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. जादा वेळेत बंगळुरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचा गोलरक्षक भिंत लावण्यात गुंतलेला असताना सुनील छेत्रीनं शिटीची वाट न बघता चेंडू जाळ्यात टाकला. रेफ्रीनं गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी अख्खा संघ मैदानाबाहेर नेला. पुढे भारतीय फुटबॉल महासंघानं क्लबला चार कोटींचा दंड ठोठावला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली. निकाल लागला, वाद तसाच राहिला. एक बाजू म्हणते, नियमात बसतं ना, मग झालं. दुसरी म्हणते, नियमात बसला तरी रडीचा डाव तो रडीचाच. मला खात्री आहे, छेत्री ब्लास्टर्सकडून खेळत असता तर हीच दोन वाक्यं याच दोन माणसांनी आपसांत बदलून घेतली असती.

हे मी नुसतं टोमणा मारायला म्हणत नाही. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा सामना झाला. अमेरिकी फुटबॉल, म्हणजे चेंडू बगलेत मारून पळायचा तो. प्रिन्स्टनच्या डिक काझमायर या गाजलेल्या खेळाडूचं नाक मोडलं, नंतर डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. दोन्हीकडे आरोपांची राळ उडाली. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन अभ्यासकांनी मग दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसतील ते फाउल लिहून काढायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे फाउल डार्टमथच्या मुलांना सरासरी ४.३ दिसले आणि प्रिन्स्टनच्या मुलांना ९.८. फिल्म एकच होती. तेव्हा आपल्या लोकलमधले दोघे खोटं बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तसं दिसतं, आणि पंचाईत तिथेच आहे.

आता जरा पडणाऱ्याची बाजू घेतो. गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या गावात अभिनयाला अगदीच नावं ठेवणं बरं नव्हे. नियमपुस्तिकेतला बारावा नियम स्पष्ट आहे: दुखापतीचं किंवा फाउल झाल्याचं सोंग आणून रेफ्रीला फसवायला बघितलं तर पिवळं कार्ड. पण ज्याला खरोखर पाय घातला आहे आणि जो तरीही धडपडत उभा राहतो, त्याला बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. रेफ्री तीस पावलं लांब असतो, मध्ये चार अंगं आलेली असतात. पडणं हीच त्याच्यासाठी साक्ष ठरते. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालच्या बचावपटूंनी पेलेला इतक्या लाथा घातल्या की तो उरलेला सामना लंगडत राहिला. बदली खेळाडू घ्यायची सोय तेव्हा विश्वचषकात नव्हती, आणि कार्डंही नव्हती. केन ॲस्टन या इंग्लिश पंचाच्या कल्पनेतली ती पिवळी-लाल कार्डं विश्वचषकात आली १९७० साली. म्हणजे नियमांनी आधी कलाकाराचं रक्षण केलं नाही, आणि पुढे तोच पडायला शिकला तेव्हा त्याला सोंगाड्या म्हटलं. सराईत लोळणाऱ्यांचा मला राग येतो, पण हा हिशेब विसरून त्यांच्यावर नुसती थुंकी टाकणं मला जमत नाही.

तरीही काही सोंगांना माफी नाही. ३ सप्टेंबर १९८९, रिओचं माराकाना स्टेडियम, ब्राझील विरुद्ध चिली, विश्वचषकाची पात्रता फेरी. चिली एका गोलनं मागे होतं आणि बाहेर फेकलं जाण्याच्या बेतात होतं. प्रेक्षकांतून एक पेटती नळकांडी मैदानावर आली आणि गोलरक्षक रॉबर्टो रोहास धुरात कोसळला, चेहरा रक्तानं माखलेला. सहकाऱ्यांनी त्याला उचलून नेलं आणि चिलीचा संघ मैदानात परतलाच नाही. चिलीत संतापाची लाट उसळली. आपल्या माणसाचं रक्त सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, त्यावर शंका कोण घेणार? पण एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यात ती नळकांडी रोहासच्या अंगावर नव्हे, बाजूला पडलेली दिसली. हातमोज्यात लपवलेल्या ब्लेडनं त्यानं स्वतःच कपाळ कापून घेतलं होतं. सामना ब्राझीलला बहाल झाला, रोहासवर आजन्म बंदी आली (ती २००१ मध्ये उठवली गेली), आणि चिलीला १९९४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतही खेळू दिलं नाही. त्यापुढे ब्राझीलचा रिव्हाल्डो म्हणजे किरकोळ: २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानच्या खेळाडूनं मारलेला चेंडू पायावर लागला आणि गडी तोंड धरून खाली गेला. समोरच्याला लाल कार्ड, याला फक्त दंड, आणि पुढे विश्वचषक ब्राझीलचाच.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो लीड्सचा सामना. २८ एप्रिल २०१९, लीड्स विरुद्ध ॲस्टन व्हिला. वरच्या श्रेणीत थेट बढतीची अंधुक आशा टिकवायला लीड्सला जिंकणं भाग होतं. शेवटची वीसेक मिनिटं उरली होती आणि गोल कुणाचाच नव्हता. व्हिलाचा कोजिया मैदानात पडलेला. अशा वेळी चेंडू बाहेर घालवायचा हा रिवाज आहे. तो नियमात नाही, केवळ रीत आहे. लीड्सच्या टायलर रॉबर्ट्सनं थांबल्यासारखं केलं, व्हिलाचे खेळाडू सैलावले, चेंडू मात्र पुढे गेला आणि क्लिखनं गोल केला. मग जी झोंबाझोंबी झाली, तिच्यात लीड्सचा पॅट्रिक बॅमफर्ड तोंड धरून कोसळला, जणू व्हिलाच्या एल गाझीनं ठोसा लगावला. रेफ्रीनं एल गाझीला बाहेर काढलं. रिप्लेत दिसलं, तोंडाला काही लागलंच नव्हतं.

आणि त्याच गदारोळात लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा कडेला उभे राहून आपल्याच पोरांवर ओरडत होते: त्यांना गोल करू द्या! खेळ सुरू झाला, व्हिलाचा ॲडोमा बिनविरोध चेंडू घेऊन गेला. बिनविरोध म्हणजे जवळजवळ, कारण लीड्सचा बचावपटू यान्सन याला हे मुळीच पटलं नव्हतं आणि तो आडवा गेला. ॲडोमानं त्यालाही चुकवलं. एक-एक. त्या बरोबरीनं शेफील्ड युनायटेडची बढती पक्की झाली, लीड्स पुढे प्ले-ऑफमध्ये हरलं. एल गाझीचं लाल कार्ड नंतर रद्द झालं, बॅमफर्डला दोन सामन्यांची बंदी मिळाली आणि बिएल्सांसह लीड्सला फिफाचा फेअर प्ले पुरस्कार.

एकाच संघात, जेमतेम पाच मिनिटांत, एक हलकट सोंग आणि एक मोठं मन. खिलाडूवृत्ती 'आमच्यात' असते आणि रडीचा डाव 'त्यांच्यात', ही सोमवारच्या लोकलमधली वाटणी इथे कोलमडते. आणखी एक गोष्ट बघा. व्हिलाचे समर्थक घसा फोडून 'चीटर' ओरडत होते, त्यानं काही झालं नाही. व्हायचं ते झालं लीड्सच्याच माणसानं लीड्सला हटकल्यावर. प्रतिस्पर्ध्याच्या शिव्या खेळाडूला गुदगुल्यांसारख्या वाटतात. आपल्याच स्टँडमधून 'उठ रे, नाटकं पुरे' असं आलं तर तो कसा वागेल? हा प्रयोग फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

उलट प्रयोग मात्र भरपूर झाले आहेत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ खेळतं तेव्हा संघ पेठेचा असतो. मैदानावर पडलेला पोरगा कुणाचा तरी शेजारी, कुणाचा आतेभाऊ. त्याला दुखलंय का, हा प्रश्न तिथे डॉक्टरांचा राहत नाही, पेठेच्या इभ्रतीचा होतो, आणि पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो. कोल्हापूरच्या फुटबॉलवर माझं प्रेम आहे. राज्यात खेळासाठी एवढं जीव टाकणारं दुसरं गाव दाखवा! म्हणूनच १६ ऑगस्ट १९८० ची आठवण काढतो. कोलकात्याचं ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. बिदेश बोस आणि दिलीप पालित यांची मैदानावर जुंपली, दोघांना बाहेर काढलं, आणि स्टँडमध्ये समर्थकांची मारामारी पेटली. चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक गेले. पडला की पाडला, याचं उत्तर त्या घरांना काय उपयोगाचं?

आता आपल्या जवळचं मैदान. घोडबंदर रोड घ्या, कल्याण-शीळ रोड घ्या, मोकळा प्लॉट दिसला की जाळी लावून टर्फ तयार. रात्री अकराला सोसायटीची पोरं तिथे पाच-पाच जणांचा फुटबॉल खेळतात. मी कठड्याला टेकून बरेचदा बघितलंय: तिथे कुणी लोळत नाही. एक कारण व्यावहारिक आहे, तासाचं भाडं भरलेलं असतं, लोळायला वेळ कुणाला? खरं कारण वेगळं आहे. तिथे रेफ्री नसतो. फसवायलाच कुणी नाही तर सोंग कुणापुढे आणणार? 'अरे, माझाच पाय लागला, घे तू,' हे वाक्य मी तिथे ऐकलंय, आणि बोलणारा मुलगा सोमवारी सकाळी लोकलच्या दारात आपल्या क्लबचा कडवा वकील होता.

सोंगाची किंमत शेवटी कोण मोजतं? ज्याला खरंच लागलंय तो. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा क्रिस्टियानो ज्युनियर दुसरा गोल करताना मोहन बागानच्या गोलरक्षकावर आदळला आणि कोसळला. तो गेला. सामन्यातले दोन्ही गोल त्याचे होते. दर आठवड्याला शंभर खोट्या कळा बघून डोळा सरावला की अशा वेळी आपण, रेफ्री, समोरचा खेळाडू, सगळेच एक क्षण उशिरा हलण्याची भीती असते. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात तो क्षण कुणी घालवला नाही. डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन कुणीही धक्का न लावता कोसळला, हृदय थांबलं होतं. रेफ्री अँथनी टेलरनी काही सेकंदांत डॉक्टरांना आत बोलावलं. पुढे तो शुद्धीवर आल्याचं कळल्यावर फिनलंडचे समर्थक 'क्रिस्टियन' आणि डेन्मार्कचे 'एरिक्सन' असं आळीपाळीनं ओरडत राहिले. एका माणसाचं नाव दोन स्टँडनी वाटून घेतलं.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिलीत विचारलंय, 'वक्त्यांचा क्लब कोणता?' तो सांगितला तर गेला तासभर मी बोललो ते सगळं अर्ध्या सभागृहाला पक्षपाती वाटेल, तेव्हा क्षमा असावी.

दुसरी चिठ्ठी: 'व्हीएआर आल्यावर हे सोंग बंद होणार नाही का?' थोडं होईल. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघणारा सहायक पंच, फक्त गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, एवढंच तपासायला निघालं. मैदानाच्या मध्यावर लोळून मिनिटं खाणाऱ्याकडे ते बघत नाही. पेनल्टीच्या सोंगाकडे मात्र बघतं: २०१८ च्या विश्वचषकात कोस्टारिकाविरुद्ध ब्राझीलचा नेमार मागे कलंडला, पेनल्टी मिळाली, रेफ्रीनं पडद्यावर जाऊन पाहिलं आणि ती रद्द केली. सोंगाबद्दल मात्र कार्ड दाखवलं नाही. नेमारला पिवळं कार्ड मिळालं ते थोड्या वेळानं, रागानं चेंडूवर हात आपटल्याबद्दल.