दारचे पाणी राखा



आज मी तुमच्याशी पाण्याविषयी चार गोष्टी बोलणार आहे. धरणे बांधणे, कालवे काढणे हा सरकारचा आणि इंजिनिअरांचा कारभार. त्याविषयी मी फार बोलणार नाही. मी बोलणार आहे ते तुमच्या हंड्यातल्या, मोरीतल्या आणि परसातल्या पाण्याविषयी. त्या पाण्यावर राज्य तुमचेच आहे. त्यातही घरच्या बाईचे अधिक, कारण पाणी भरते ती.

दुरून येणारे पाणी आपल्या हाती नसते. दारी आलेले पाणी मात्र आपल्या हाती असते. ते राखावे, आणि त्याच्याकडून दोनदा काम करून घ्यावे. शेतावर मजूर आला, एक पाटी माती उचलली आणि घरी निघाला, तर तुम्ही त्याला जाऊ द्याल काय? मग एकदा हात धुतले की पाण्याला का जाऊ देता?

पुण्याची गोष्ट

मी पुण्यात राहतो, म्हणून आधी पुण्याची गोष्ट सांगतो.

सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला. तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणले. पंप नव्हता, इंजिन नव्हते. पाणी नुसते उतारावरून चालत आले. पेठापेठांत हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतला हौद, ही नावे पुण्यात अजून ऐकू येतात. शिवाय मोठ्या वाड्यांतून आड आणि विहिरी होत्याच. बायका घागरी घेऊन पाणी भरत. डोक्यावरून आणलेल्या पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही.

१८७९ साली मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण पुरे झाले. पुढे घरोघर नळ आले. सोय झाली, यात शंका नाही. पण नळ आला तशी आडाकडे लोकांची पाठ फिरली. कुठे गाळ साचला, कुठे केर पडला. काही आड तर बुजवूनच टाकले.

मग १२ जुलै १९६१ हा दिवस उजाडला. पानशेतचे मातीचे धरण त्या दिवशी फुटले. पाण्याचा लोंढा खाली खडकवासल्याच्या धरणात आला, आणि तेही फुटले. मुठा नदी पुण्यात शिरली. नदीकाठच्या पेठांत घरेच्या घरे बसली. माणसे गेली, संसार वाहून गेले.

आणि नवल पाहा! शहरात जिकडे तिकडे पाणी, पण नळ कोरडे. ज्या धरणातून पाणी यायचे ते धरणच उरले नव्हते. तेव्हा लोकांनी काय केले? ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती त्याच विहिरींकडे आणि हौदांकडे ते वळले. ज्या वाड्यातला आड राखलेला होता, तिथे घागर भरता आली. जिथे बुजवला होता, तिथे काय भरणार?

ही गोष्ट आज का सांगतो? आता गावोगाव नळ येत आहेत. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. खेड्यातल्या प्रत्येक घरात नळ यावा आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे त्यात ठरले. चांगली गोष्ट आहे. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला पाहिजे. पण नळ आला म्हणून आड बुजवू नका. विहिरीत केर टाकू नका. वीज गेली, मोटार जळली, पाइप फुटला, तर त्या दिवशी तोच आड तुमच्या कामी येईल.

आधी मोजा, मग लिहा

मी मास्तर माणूस. हिशेब केल्यावाचून माझे समाधान होत नाही. तुम्हीही आता लिहा-वाचायला शिकला आहात. तेव्हा एक पाठकोरा कागद घ्या आणि घरच्या पाण्याचा हिशेब लिहा.

घरात माणसे ५. माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाचे २७५ लिटर झाले. आपला हंडा साधारण १५ लिटरचा धरा. म्हणजे रोजचे १८ हंडे. आता पुढे लिहा. पिण्याला आणि स्वयंपाकाला किती? अंघोळीला किती? भांड्यांना किती? धुण्याला किती? गुरांना किती? आठ दिवस लिहा. पाणी कुठे जाते ते तुम्हाला आपोआप कळेल. पिण्याला आणि स्वयंपाकाला फार थोडे लागते. बाकीचे सारे मोरीतून बाहेर जाते.

आता गळक्या नळाचा हिशेब करू. लोक म्हणतात, "थेंब थेंब तर गळतंय, त्यानं काय होतंय?" नळाखाली पाव लिटरचा पेला ठेवा. समजा तो एका तासात भरला. दिवसाचे तास २४, म्हणून पेले २४, म्हणजे ६ लिटर. महिन्याचे १८० लिटर, म्हणजे १२ हंडे. वर्षाचे झाले १४४ हंडे! एवढे हंडे आणायला सांगितले तर कोण आणील? नळाचा वायसर थोडक्या पैशांत येतो. तो बदलायला घटकाभरही लागत नाही.

दात घासताना नळ सोडून ठेवू नये. तांब्या भरून घ्यावा. भांडी वाहत्या नळाखाली घासू नयेत. आधी राखेने किंवा पावडरीने सगळी घासावी, मग घमेल्यात विसळावी. पाहुण्याला अर्धा पेला पाणी द्यावे, लागले तर आणखी द्यावे. यात कंजूषपणा नाही. उष्टे पाणी फेकून देण्यात मोठेपणा तो कसला?

मोरीच्या पाण्याचे दुसरे काम

आता पाणी मोरीपाशी आले. इथे ते बहुतेक घरांत सुटते. ओटीपुढून रस्त्यावर जाते, चिखल करते, डास वाढवते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत भांडणे लावते ती निराळीच. नळ आला की पाणी वाढते, आणि हा चिखलही वाढतो.

त्याच पाण्याला परसाची वाट दाखवा. मोरीपासून एक लहानसा चर काढा. चराच्या तोंडाशी अळू लावा. अळवाला ओल आवडते. त्याच्या पुढे केळ लावा, पपई लावा. कुंपणाला शेवगा लावा. मांडवावर दुधी, दोडका किंवा कारले चढवा. बाजारात न जाता घरात भाजी येईल. पोरांच्या पोटात हिरवे काही जाईल.

पण काही गोष्टी सांभाळा. संडासाचे पाणी या चरात येता कामा नये. साबण-सोड्याचे पाणी रोज एकाच झाडाला घालू नका. त्याने जमीन बिघडते. आज या आळ्यात, उद्या त्या आळ्यात, असे फिरवा. कोथिंबीर, मुळा, काकडी, गाजर हे आपण कच्चे खातो. त्यांना मोरीचे पाणी अजिबात घालू नका. त्यांना तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी घाला. मोरीचे पाणी साठवूनही ठेवू नका. त्याला घाण येते.

झाडांना पाणी पहाटे किंवा सांजवेळी घालावे. भर दुपारी घातले तर ऊनच पिऊन टाकते. बुंध्याभोवती आळे करावे. आळ्यात पालापाचोळा, गवत, उसाचे पाचट पसरावे. मातीला सावली मिळते आणि ओल टिकते. पचपचीत पाणी घालण्यापेक्षा रोपाशेजारी एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. मडके पाझरते आणि मुळांना हवे तेवढेच पाणी मिळते. जुनी, गार न करणारी मडकी मात्र यासाठी घेऊ नका. त्यांची छिद्रे बुजलेली असतात.

ज्याला परस नाही त्याने काय करावे? त्याने शोषखड्डा करावा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा खड्डा खणावा. तळाला मोठे दगड, त्यावर मध्यम, वर बारीक खडी भरावी. सर्वांत वर भोके पाडलेले मडके ठेवावे. मडक्यात नारळाचा काथ्या घालावा आणि मोरीचे पाणी त्यात सोडावे. घाण काथ्यात अडकते, पाणी जमिनीत मुरते. काथ्या पंधरवड्याने बदलावा. खड्डा आडापासून आणि विहिरीपासून ५० फूट तरी लांब असावा. मुरमाड जमिनीत पाणी चांगले मुरते. चिकट काळ्या मातीत ते तुंबते. तिथे परसबागच बरी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले. गावातले सांडपाणी रस्त्यावरून नाहीसे झाले, आणि त्याबरोबर डासही हटले. हे काम एकट्याने करून भागत नाही. आळीने मिळून करावे.

पागोळ्यांचे पाणी

वर्षातून चार महिने देव तुमच्या छपरावर फुकट पाणी टाकतो. ते पागोळ्यांतून अंगणात पडते आणि ओढ्याला जाते. त्याचाही हिशेब पाहा.

छप्पर २० फूट लांब आणि १० फूट रुंद धरा. पावसाळ्यात २० इंच पाऊस पडला, तर त्या छपरावर ९,००० लिटरांहून अधिक पाणी पडते. काही सांडले, काही उडाले, असे म्हटले तरी ७,००० लिटर हाती येईल. म्हणजे साडेचारशेहून अधिक हंडे! आणि हे सारे आपल्याच दारात.

पागोळ्यांखाली पत्र्याची पन्हळ बसवा. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी जाऊ द्या, कारण त्यात छपराची धूळ असते. पुढचे पाणी फडक्यातून गाळून टाकीत घ्या. टाकी भरली की उरलेले पाणी खडी-वाळूतून गाळून आडात सोडा. हे पाणी धुण्याला, गुरांना, झाडांना उत्तम. प्यायचे असेल तर उकळून घ्या. टाकी, रांजण, पिंप यांना घट्ट झाकण हवेच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, पिंप रिकामे करून घासावे आणि कोरडे करावे. रिकामे करताना पाणी ओतून देऊ नका. ते झाडांना घाला.

"मग पुण्याचं काय?"

आता तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, "गुरुजी, आम्ही थेंब थेंब राखायचा, अन् पुण्यात मोटारी धुवायला नळी सोडायची, हा कुठला न्याय?"

प्रश्न खोटा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर पुणे शहर जगते. त्याच पाण्यावर कालव्याने हवेली, दौंड, इंदापूर इथली शेतेही भिजतात. एका रांजणात दोन तांबे आहेत. एकाने जास्त बुडवला की दुसऱ्याला कमी मिळणारच. शहरानेही पाण्याकडून दुसरे काम करून घेतले पाहिजे. मुंढव्याला नदीतून वापरलेले पाणी उचलून बेबी कालव्याने शेतीला देण्याची योजना झाली आहे. पण ते पाणी नीट शुद्ध होत नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. तक्रार केलीच पाहिजे. तुमच्या मोरीचा आणि पुण्याच्या मोरीचा प्रश्न एकच आहे. फक्त पुण्याची मोरी फार मोठी आहे.

पण म्हणून आपण आपले पाणी सोडून द्यावे काय? तुमच्या परसात जिरलेले पाणी पुण्याला जात नाही. ते तुमच्याच आडात उतरते. त्याचे अळू तुमच्याच ताटात येते.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. ते पुण्याचे इंजिनिअर आणि कारखानदार. पाणी पंचायतीचा नियम साधा होता. पाण्याचा वाटा जमीन पाहून द्यायचा नाही, घरातली माणसे पाहून द्यायचा. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका घराला फार तर अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. उसाला मात्र पाणी नाही. हे का जमले? लोकांनी पाणी मोजले म्हणून. मोजल्याशिवाय वाटा करता येत नाही, आणि वाटा केल्याशिवाय तंटा मिटत नाही.

म्हणून तुमचा तो कागद जपून ठेवा. आज किती हंडे आले, नळ किती वेळ चालला, कुठल्या दिवशी आलाच नाही, हे तारखेसह लिहीत जा. पुढच्या ग्रामसभेला तो कागद घेऊन जा. बायांनी तर जरूर जावे. "आमच्या आळीला पाणी येत नाही," असे नुसते म्हटले तर सभा पुढे निघून जाते. "या महिन्यात अकरा दिवस पाणी आले नाही, या त्या तारखा," असे वाचून दाखवले तर उत्तर द्यावेच लागते. माणशी ५५ लिटर हा ठरलेला आकडा आहे. तो मागताना आपल्या नळाला गळती नसावी, आणि आपल्या मोरीपुढे चिखल नसावा. मग बोलण्याला वजन येते.

उद्या सकाळी पहिले काम एवढेच करा. मोरीचे पाणी कुठे जाते ते उभे राहून पाहा, आणि तिथे अळवाचा एक कांदा लावा.