तिसऱ्या पाळीची झोप आणि आजींचे पक्षी

आम्ही तळवड्याहून बोलतोय. देहूच्या शेजारचं, इंद्रायणीकाठचं तळवडे. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. शेतं होती तिथं आता वर्कशॉपच्या शेड आणि चार-चार मजली इमारती आहेत. आमची इमारत तशीच. सोळा घरं, लिफ्ट नाही. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी जळगावचं. घरटी एक माणूस तरी चाकणला नाहीतर भोसरीला कामाला. आमचा बचत गट बारा जणींचा. आज गटाबद्दल नाही, पाळलेल्या पक्ष्यांबद्दल सांगायचंय. हसू नका, त्या पक्ष्यांपायी गट फुटायची वेळ आली होती. तुमच्यातल्या कुणाची लेक, कुणाची सून अशाच एखाद्या फ्लॅटमध्ये राहत असेल, म्हणून सांगतो.

आमच्यातल्या एका वहिनींच्या सासूबाई गावाकडून कायमच्या राहायला आल्या. त्यांना सगळी इमारत आजी म्हणते. सकाळी मुलगा-सून कामाला, नातू शाळेत. आजी एकट्या. खाली उतरायचं तर गुडघे धरतात. गावाकडं ओट्यावर बसलं तरी येणारं-जाणारं कुणीतरी बोलतं. इथं सगळी दारं बंद. दोन महिन्यांत त्यांनी बोलणंच कमी केलं. मग भाऊबीजेला आलेल्या वहिनींच्या भावानं पिंजरा आणि रंगीत पक्ष्यांची जोडी आणून दिली. एक निळा, एक पिवळा. आजी त्या दिवसापासून पुन्हा बोलायला लागल्या. हे आम्ही आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, एवढा त्रास होता तर द्यायचे सोडून.

बाजारात या पक्ष्यांना लव्हबर्ड म्हणतात. खरं तर ते बजरीगर, ऑस्ट्रेलियाचे. १८४० साली ते पहिल्यांदा विलायतेत नेले आणि तिथून पुढं जगभर पिंजऱ्यात गेले. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, त्यांचा आवाज याहून टोकदार. विकणारा जे नाव सांगेल ते आपण धरतो. बजरीगर थव्यानं राहणारं पाखरू. एकटं असलं तर सोबतीला हाका मारतं, सोबती असले की गप्पा मारतं. म्हणजे आवाज दोन्हीकडून आहेच. दोन असले तर गोड वाटतं. पण विकणाऱ्यानं पिंजऱ्यासोबत एक छोटं मडकंही दिलं होतं. मडकं दिसलं की त्यांना वाटतं घरटं मिळालं. मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते, अठरा दिवसांत पिल्लं फुटतात, महिना-सव्वा महिन्यात ती मडक्याबाहेर. पावसाळा संपेस्तोवर दोनाचे नऊ झाले. आजींना आनंद, नातवाला आनंद. त्यात वहिनींच्या घरच्यांनी रस्त्यावरच्या एका माणसाकडून हिरव्या पोपटाचं पिल्लूही आणलं. पंख कापलेलं होतं. त्याचा मिठू झाला.

आता खालच्या मजल्यावरच्या ताईंकडं येऊ. त्या चाकणच्या पट्ट्यात एका कंपनीत मशीनवर आहेत. पाळी दर आठवड्याला बदलते. तिसरी पाळी असली की रात्रभर उभं राहून सकाळी साडेसातला घरी. चहा, मुलाचा डबा, आणि साडेआठला आडवं व्हायचं ते दुपारी दोनपर्यंत. तेवढीच त्यांची रात्र. आणि नेमकं त्याच वेळी वरून नऊ बजरीगर आणि एक पोपट सुरू व्हायचे.

पिंजरा होता ड्राय बाल्कनीत. तिथली घाण धुवायला सोपी म्हणून. ती बाल्कनी डक्टवर उघडते, आणि ताईंच्या झोपायच्या खोलीची खिडकीही त्याच डक्टवर. आमच्यापैकी ज्यांनी विहिरीत डोकावून हाक मारली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. वर असलेल्या घराला आवाज कमी, खालच्या घराला दुप्पट. वहिनींना खरंच वाटायचं, की ताई वाढवून सांगतात. ताईंना खरंच वाटायचं, की वहिनी मुद्दाम करतात.

महिनाभर झोप मोडल्यावर एका रात्री ताईंना मशीनवर डुलकी लागली. शेजारच्या बाईनं दंडाला धरून मागं ओढलं म्हणून हात वाचला. दुसऱ्या दिवशी त्या वर गेल्या आणि दारातच म्हणाल्या, "हात गेला असता तर तुमचा मिठू माझ्या पोराला भरवायला येणार होता का?" वहिनीही काही कमी बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत ताईंच्या वीस हजारांच्या कर्जाला वहिनींनी हमी द्यायचं नाकारलं. बैठक बारा जणींची, दोन बाजूंना सहा-सहा. आम्ही पोलिसात जाण्यापर्यंत बोललो.

तेव्हा आमच्यातल्या एकीनं पुण्यातलीच गोष्ट सांगितली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती वर्तमानपत्रांत आली होती. शिवाजीनगर भागातल्या ७२ वर्षांच्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या पोपटाच्या सततच्या ओरडण्याबद्दल खडकी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्यांचं म्हणणं असं, की पोपट दुसरीकडं ठेवा म्हटल्यावर शेजाऱ्यानं शिवीगाळ केली, धमकावलं. पोलिसांनी अदखलपात्र गुन्हा नोंदवला. अदखलपात्र म्हणजे न्यायालयानं सांगितल्याशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. आणि कलमं लागली ती अपमानाची आणि धमकीची. पोपटाच्या ओरडण्याला कलम नव्हतंच, कलम होतं माणसांच्या बोलण्याला. आम्ही सगळ्या जरा गप्प झालो, कारण दारातलं आमचं बोलणं सगळ्या इमारतीनं ऐकलं होतं.

मग आवाजाचे नियम पाहिले. ते २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. ताई म्हणाल्या, "माझी रात्र साडेआठला सुरू होते. सकाळी." या पट्ट्यात अशा किती जणी आणि किती जण असतील? त्यांची रात्र कुठल्या नियमात बसत नाही. ती शेजाऱ्यांनीच पाळायची असते, नाहीतर ती नसतेच.

मिठूचा प्रश्न मात्र कायद्यानं एका दिवसात सोडवला, आणि वहिनींच्या बाजूनं नाही. आपल्याकडचा हिरवा पोपट, गळ्यात काळी-गुलाबी कडी असलेला, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा, जांभळट डोक्याचा छोटा, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळं बंद. कायद्यात २०२२ साली बदल झाला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आमच्यातल्या निम्म्याजणींच्या माहेरी पिंजऱ्यात राघू होता, त्याला देवाचं नाव शिकवायचे. तो गुन्हा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. बजरीगर, कॉकाटेल हे बाहेरचे पक्षी, ते पाळायला अशी बंदी नाही.

मिठूला तसंच खिडकीतून सोडायचं नातवानं ठरवलं होतं. बरं झालं थांबवलं. पंख कापलेलं, हातानं भरवलेलं पाखरू कावळ्यांच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जातं. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. तिथं फोन केला, माणसं आली, मिठूला नेलं. नातू दोन दिवस जेवला नाही. वहिनी ताईंवर आणखी चिडल्या. ते खोटं कशाला सांगू.

उरले नऊ बजरीगर. ते पाळायला परवानगी आहे, पण आवाज तोच. आम्ही उपाय केला तो असा: रोज संध्याकाळी पिंजऱ्यावर जाड चादर टाकायची, सकाळी सगळे उठून आवरून झाले की आठ-साडेआठला काढायची. म्हणजे इमारतीला त्रास नको. पंधरा दिवस केलं. ताई म्हणाल्या, आधीपेक्षा वाईट झालं.

कोडं सोडवलं आजींनी. त्यांनी चाळीस वर्षं जोंधळ्याची राखण केलेली. माळ्यावर उभं राहून गोफणीनं हेच पोपट, याच चिमण्या हाकललेल्या. त्या म्हणाल्या, "पाखरू उजाडताना वरडतं आन् दिस कलताना वरडतं. मधी उन्हाचं गप बसतं. म्हणून तर राखणीची बाई दुपारी भाकर खाती. तुमी चादर साडेआठला काढता, तवा त्यांचं तवाच उजाडतं." खरंच की. दिवसभरातला सगळ्यात मोठा गोंगाट उजेड पडल्यावरचा पहिला तास-दीड तास. तो आम्ही चादरीखाली दाबून नेमका ताईंच्या उशाशी नेऊन ठेवत होतो. पहाट आम्हीच उशिरा आणत होतो आणि पाखरांना नावं ठेवत होतो.

आता असं चालतं. ताई पाळीचा कागद दर शनिवारी आजींना देतात, तो त्यांच्या फ्रिजवर चिकटलेला असतो. तिसरी पाळी असली की सहाला चादर निघते. तेव्हा इमारत पाण्याला आणि डब्याला उठलेलीच असते. पक्षी काय ओरडायचे ते आठच्या आत ओरडून घेतात. मग त्यांना ताजं पाणी, राळा, थोडी बाजरी, कोथिंबिरीच्या काड्या. खाण्यात गुंतलेलं पाखरू कमी बोलतं. दुसरी पाळी असली की ताई रात्री साडेबाराला येतात आणि सकाळी आठपर्यंत झोपतात. त्या आठवड्यात चादर साडेआठनंतर, पण मग आदल्या संध्याकाळी ती नऊपर्यंत टाकायची नाही. पाखराला दहा ते बारा तास अंधार पुरतो. त्याहून जास्त कोंडून आवाज बंद करणं बरं नाही. चादर सुती घ्यावी आणि एक बाजू वाऱ्याला उघडी ठेवावी.

पिंजरा डक्टवरून हलवून रस्त्याकडच्या हॉलमध्ये आणला. निम्मं काम तिथंच झालं. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं, पण हॉलमध्ये विष्ठा-पिसं नकोत म्हणून वहिनी तयार नव्हत्या. पिंजऱ्याखाली रद्दी घालून रोज बदलायची, पिसांची धूळ कोरड्या केरसुणीनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. घरात दमा असला किंवा पक्षी आल्यापासून ताप-खोकला रेंगाळत असला, तर डॉक्टरांना पक्ष्यांबद्दल आठवणीनं सांगा. आणखी एक, स्वयंपाकघरात पिंजरा अजिबात नको. काळा थर दिलेला नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी थोड्याच वेळात मरतात.

मडकं काढून टाकलं. अंड्यांना जागा नसली की बहुतेक वेळा वाढ थांबते. नऊपैकी सहा वहिनींच्या भावानं गावाकडं पडवीत नेले. आजींनी तीन नर ठेवून घेतले. मोठ्या झालेल्या नराच्या चोचीवरचा भाग निळा असतो, मादीचा तपकिरी, त्यावरून बहुतेक ओळखू येतो. कोणते ठेवायचे हे आजींनीच ठरवलं. दोन दिवस लागले त्यांना.

ओरडण्याला ओरडून उत्तर द्यायचं नाही, हेही शिकलो. "गप रे" म्हणून कुणी हाक मारली की पाखराला वाटतं, आपल्याला उत्तर आलं, आणि ते आणखी बोलावतं. आजी आंघोळीला जाताना हलकी शीळ घालतात. ती ऐकू आली की तिघं शांत असतात. कॉकाटेल पाळणाऱ्यांना याचा जास्त उपयोग होईल, त्याची हाक फार मोठी. तो पंधरा-वीस वर्षंही जगतो, म्हणून घेताना पोराच्या हट्टाबरोबर तेवढी वर्षंही मोजा.

सगळं गोड झालं असं नाही. वहिनी आणि ताई अजून एकमेकींच्या घरी चहाला जात नाहीत. पण पुढच्या बैठकीत कर्जाच्या कागदावर वहिनींनी सही केली. काही बोलल्या नाहीत, सही करून पेन पुढं सरकवलं. ताईंनी हप्ते वेळेवर भरले. आजी मात्र ताईंशी बोलतात. पाळीचा कागद द्यायला ताई वर येतात तेव्हा अर्धा तास बसतात. जोंधळ्याच्या राखणीच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी तिथंच ऐकल्या.

येत्या सोमवारपासून ताईंची तिसरी पाळी आहे. आजींनी फ्रिजवरचा कागद आजच बदललाय.