विहिरीतलं काळवीट



ऊन तापलं की वैजापूर तालुक्यातली काळविटं पाण्यासाठी शिवारात उतरतात आणि एखादं बिनकठड्याच्या विहिरीत पडतं. गावकरी धावतात, दोर सोडतात, बाज सोडतात. वर आलेलं जनावर धापा टाकत असतं आणि भोवती माणसांचं कोंडाळं. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी डोकं मांडीवर घेऊन फोटो काढतं. मायेपोटीच, पण माणसाचा श्वास थेट त्याच्या नाकात जातो.

श्वासावाटे काय जाऊ शकतं, हे अमेरिकेत दिसलं. २०२१च्या पहिल्या तीन महिन्यांत चार राज्यांतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे ३८५ रक्तनमुने तपासले. १५२ नमुन्यांत करोनाची प्रतिपिंडं सापडली. आयोवा राज्यात २८३ हरणांपैकी ९४ हरणांच्या लसिकाग्रंथींत विषाणूच मिळाला. तो माणसांकडून पुन्हा पुन्हा हरणांत गेला होता. कळपात हरणं एकमेकांच्या नाकाला नाक लावतात, तिथून तो पसरत राहिला.

ही हरणं फारशी आजारी दिसली नाहीत. चिंता आहे ती हीच.

कारण गाजावाजा न करता विषाणू कळपात राहतो आणि रूप पालटतो. कॅनडातल्या ओंटारिओत हरणांमध्ये ७६ बदल झालेला विषाणू आढळला आणि त्याच्याशी जुळणारा विषाणू एका माणसातही. आपल्याकडचे प्राणीही करोनातून सुटले नाहीत: मे २०२१मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना करोना झाल्याचं निष्पन्न झालं होतं.

इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. अमेरिकेतली ती हरणं सारंग कुळातली, दरवर्षी शिंगं गाळणारी. आपले चितळ, सांबर त्याच कुळातले. काळवीट आणि चिंकारा मात्र कुरंग, त्यांची शिंगं कायमची. म्हणून अमेरिकेतले आकडे काळविटाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही अंतर राखण्यात माणूस आणि काळवीट दोघांचंही भलं आहे, कारण भेदरलेलं काळवीट नुसत्या धसक्यानंही दगावतं.

तेव्हा विहिरीत जनावर दिसलं, तर आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. वर काढायला दोन-तीनच माणसं पुढे व्हावीत, नाकातोंडाला उपरणं बांधून. खोकला-ताप असलेल्यानं मागेच थांबावं. जनावराच्या डोळ्यांवर कापड टाकावं, बाकीच्यांनी गलका न करता बांधापलीकडे उभं राहावं. दम खाऊन काळवीट उठलं की शिवाराकडची वाट त्याला मोकळी सोडावी.