चिमुकल्या सैनिकांचे भवितव्य



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई भत्त्यावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी एका छंदाविषयी बोलणार आहे. बोटाच्या दोन पेरांएवढ्या शिपायांच्या पुतळ्या जोडायच्या, त्या रंगवायच्या आणि टेबलावर मांडून त्यांची लढाई खेळायची, असा हा छंद आहे. इंग्लंड-अमेरिकेत तो वाढला आणि आता बऱ्याच देशांत त्याचे शौकीन आहेत. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. या छंदाची ओळखही मला तिथेच झाली. तेव्हा मी या खेळातला पटाईत म्हणून बोलत नाही. श्रमाचा हिशेब ठेवण्याची सवय जडलेला माणूस म्हणून बोलतो आहे. माझा प्रश्न एवढाच की, पडद्यावरचे खेळ घरोघर आले, पुतळी तयार करणारे यंत्र टेबलावर आले, चित्र काढणारे यंत्रही आले. आता या हाताच्या छंदाचे पुढे काय होणार?

आधी खेळ समजून घेऊ. दिवाळीत आपली मुले अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरुजाबुरुजावर कुंभाराकडचे रंगीत मावळे ठेवतात. त्याच किल्ल्याभोवती दोघे समोरासमोर बसले, टेपने अंतर मोजून मावळे पुढे सरकवू लागले आणि कोण पडला, कोण टिकला हे फाशांवर ठरवू लागले, की झाला हा खेळ. नियम पुस्तकात छापलेले असतात. आपला किल्ला चार-आठ दिवसांत मोडतो. तिथे मात्र माणूस एकेक सैन्य वर्षानुवर्षे जमवतो.

याचे मूळ फार लांब नाही. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ यांचे चतुरंग आपल्याच देशातून पश्चिमेस गेले आणि त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० साली जर्मनीतील ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात डोंगर, नद्या आणि तोफा आणल्या. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने पट काढून खराखुरा नकाशा अंथरला आणि प्रशियाच्या सैन्याने तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. म्हणजे तोवर हा सरदारांचा आणि सेनापतींचा खेळ होता.

तो सामान्य माणसाच्या हाती आला तो दोन कारणांनी. पहिले कारण साच्याचे. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, कडेचा थर गोठला की मधले परत बाहेर काढायचे. शिसे कमी लागले, भाव उतरला, आणि जर्मन भरीव शिपायांपुढे इंग्रजी पोकळ शिपाई बाजारात टिकला. दुसरे कारण फुरसतीचे, आणि ते इतिहासात कमी सांगितले जाते. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने इंग्लंडमधील कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या. पुढे ही अर्धी सुटी इतर धंद्यांतही पसरली. फुटबॉल काय, बागकाम काय, खेळण्यांची आगगाडी काय, माणसाचे बहुतेक छंद या शनिवारच्या दुपारीच रुजले.

१९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे या खेळाच्या नियमांचे पुस्तक काढले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाची कांडी उडवायची आणि जे शिपाई आडवे होतील ते मेले, असा तो खेळ. परंतु पुस्तकाच्या शेवटी वेल्स सांगतात की, खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरे; यात कुणाचे घर जळत नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. हा खेळ युद्धाची चटक लावतो काय, असा प्रश्न मला विचारला जातो. युद्धे पेटवण्याचे कारखाने निराळे आहेत, ती खेळण्यांच्या दुकानात तयार होत नाहीत, एवढेच माझे उत्तर.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीचे प्लॅस्टिकचे शिपाई स्वस्त डब्यांतून मिळू लागले. १९६२ साली साउथॅम्प्टनच्या डोनाल्ड फेदरस्टोन यांनी 'वॉर गेम्स' लिहिले. हे गृहस्थ सेनापती नव्हते, फिजिओथेरपिस्ट होते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स विमा कंपनीत नोकरीला होते; ती गेल्यावर ते घरी बसून जोडे दुरुस्त करीत. पुतळ्यांच्या लढाईच्या नियमांतूनच त्यांनी आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ घडवला. या छंदाचे नियम पोटापाण्याचे काम सांभाळून, रिकाम्या वेळात, माणसांनी एकमेकांसाठी लिहिले, हे ध्यानात ठेवा.

मग भांडवल आले. १९७५ साली लंडनमधल्या तीन मित्रांनी गेम्स वर्कशॉप नावाचा व्यवसाय काढला. लाकडी पट करून विकणे हा त्यांचा आरंभ. १९८३ साली त्यांचा 'वॉरहॅमर' खेळ निघाला. १९९४ साली कंपनी शेअरबाजारात गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. तिचा कारखाना नॉटिंगहॅमला आहे. पडद्यावरच्या खेळांनी हा छंद मारला, असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. मात्र धंदा जगला म्हणजे छंद जगलाच, असे मी म्हणणार नाही.

प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यांत मी संघटना बांधली आहे, म्हणून तिथले गणित मला ठाऊक आहे. सगळा पैसा पोलादी डायमध्ये असतो. डाय कोरायला, घासायला, बसवायला लाखांनी खर्च. एकदा ती मशीनवर चढली की नगामागे प्लॅस्टिक लागते ते चिमूटभर. म्हणून डाय ज्याची, भाव त्याचा. वॉरहॅमरचे पुरे सैन्य उभे करायचे तर काहीशे पौंड लागतात. हा भाव प्लॅस्टिकचा नव्हे. तो डायचा, चित्रकाराच्या कल्पनेचा आणि मक्तेदारीचा आहे. परिणाम असा की शिकाऊ कामगाराचे पोर दुकानाच्या काचेबाहेर उभे राहते.

२०२५ साली या कंपनीने नफ्यातील २ कोटी पौंड आपल्या नोकरांत वाटल्याचे जाहीर केले. चांगले केले. मालकाने चांगले केले तर चांगले म्हणावे. परंतु आपल्याकडे बोनस म्हणजे बक्षिसी की हक्क, यावर किती संप झाले आणि १९६५ साली कायद्याने तो हक्क ठरला, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मर्जीने मिळालेले मर्जीने थांबते. २०२१ साली अमेरिकेत पायझो या खेळांच्या प्रकाशनसंस्थेतील नोकरांनी युनियन काढली आणि मालकाने ती मान्य केली. कल्पित राक्षसांच्या गोष्टी लिहिणाऱ्यालाही घरभाडे खरे असते.

आता यंत्राकडे येतो. द्रवरूप राळेवर प्रकाश पाडून थरावर थर गोठवायचे आणि वस्तू उभी करायची, या पद्धतीचे पेटंट चक हल या अमेरिकनाला १९८६ साली मिळाले. गेल्या दहा वर्षांत असे यंत्र इतके उतरले की ते टेबलावर मावते आणि मध्यम मिळकतीच्या माणसाला परवडते. शिल्पकार घरी बसून संगणकावर पुतळी घडवतो, तिची फाइल विकतो आणि घेणारा आपल्या खोलीत ती छापून काढतो. डायवाल्याच्या मक्तेदारीला लागलेला हा पहिला मोठा तडा. मला त्याचा आनंद होतो.

परंतु आनंदाच्या भरात एक गोष्ट विसरू नका. जुन्या पुतळ्या शिशाच्या असत. शिसे ओतणाऱ्याच्या अंगात ते भिनते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातली ती उगीच नव्हे. १९९३ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने धाक घातला तेव्हा अमेरिकेतील कारखानदार शिशाशिवायच्या धातूकडे वळले आणि १९९७ मध्ये गेम्स वर्कशॉपनेही शिसे सोडले. कायद्याचा रेटा कारखान्यावर चालतो. न गोठलेली राळ कातडीला बाधते, एकदा तिचे वावडे जडले की सहसा जात नाही. हातमोजे हवेत, खोलीत वारा खेळता हवा. पण घर हाच कारखाना झाला म्हणजे इन्स्पेक्टर येणार कोठून? विड्या वळणाऱ्या आमच्या बाया तंबाखूची धूळ घरातच श्वासातून घेतात, त्याची दाद लावताना आम्ही काय सोसले ते आम्ही जाणतो. तेव्हा ज्यांच्या घरी असे यंत्र असेल त्यांना माझे सांगणे आहे: तुम्हीच कामगार आणि तुम्हीच मालक असाल, तर निदान मालकाने कामगाराला हातमोजे द्यावेत.

यंत्र पुतळी करील, रंगाचे काय? रंगवण्याची रीत अशी की, प्रथम अस्तराचा हात, मग मूळ रंग, मग पातळ काळपट रंग सोडायचा, तो खाचांत उतरून सावली देतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग फिरवायचा. डोळा सर्वांत अवघड. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी कसबी हातालाच देतात. इथे तर सारा चेहराच तांदळाच्या दाण्याएवढा. रंगीत पुतळी छापणारी यंत्रेही आहेत, ती सुधारतील. तरी माणूस रंगवील, असे मी म्हणतो. कारण रंगवलेली पुतळी मिळावी म्हणून तो रंगवीत नाही. दिवसभर मशीनवर किंवा कचेरीत तो जे करतो त्यावर दुसऱ्याचे नाव पडते. रात्री त्या इंचभर पुतळीवर त्याचा स्वतःचा शब्द चालतो. गायन शिकणाऱ्याला तबकडी आणून दिली म्हणून तो गायचे सोडतो काय?

तरीही हा छंद कोणाच्या जोरावर टिकेल, असे विचाराल तर मी एक घडलेली गोष्ट सांगेन. २०१५ साली गेम्स वर्कशॉपने आपला जुना वॉरहॅमर बंद केला आणि त्याच्या जागी दुसराच खेळ आणला. हजारो लोकांची वर्षानुवर्षे रंगवलेली सैन्ये एका जाहीर पत्रकाने निकालात निघाली. लोकांनी काय केले? काहींनी जुनी पुस्तके काढून तोच खेळ चालू ठेवला. काहींनी देशोदेशी मंडळे करून, वर्गणी न घेता, स्वतः नवे नियम लिहिले आणि फुकट वाटले. त्या नियमांना 'नाइन्थ एज' म्हणतात. अखेर २०२४ साली कंपनीला ते जुने जग 'ओल्ड वर्ल्ड' नावाने पुन्हा बाजारात आणावे लागले. मालकाने टाळे लावले, पण कारखाना लोकांच्या हातात होता. आम्हा गिरणीवाल्यांच्या नशिबी हे आले नाही, म्हणून मला त्याचे विशेष वाटते.

तेव्हा माझे मत असे. साचा कोणाचा, हा प्रश्न यंत्र बदलून टाकील. नियम कोणाचे, हा प्रश्न खेळणारे सोडवतील, त्यांनी तो सोडवून दाखवलाही आहे. खरी टंचाई पडणार ती तिसऱ्या वस्तूची. एक पुतळी नीट रंगवायला दोन-तीन तास लागतात, लढाई खेळायला सारी दुपार लागते, आणि समोर बसायला दुसरा माणूस लागतो. त्यालाही त्याच दुपारी सुटी हवी. पडद्यावरचा खेळ बसमधून जाता-येताही खेळता येतो, म्हणून थकलेला माणूस तिकडे वळतो. त्याला दोष देऊ नका. त्याचे तास मोजा.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी सहा वर्षे सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच आहे, जादा कामाला दुप्पट पैसे आहेत, असे सांगतात. कागद वाचणाऱ्याला ते पटेल. पण बारा तास उभा राहिलेला हात रात्री कुंचला धरताना कापतो, हे कागदात येत नाही.

छंद ही चैन आहे, पोटाचे आधी पाहा, असे मला माझेच काही सोबती सांगतात. पोटाचे आधी पाहिलेच पाहिजे. मात्र आम्ही आठ तास मागितले ते केवळ झोपण्यासाठी नव्हते. उरलेल्या वेळात माणसाने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार मालकाला नाही आणि युनियनलाही नाही. कोणी भजनाला जाईल, कोणी बाग करील, कोणी बोटाच्या पेराएवढ्या शिपायाचा डोळा आखीत बसेल. त्याची ती दुपार शाबूत राहिली तर या छंदाच्या भवितव्याची चिंता करण्याचे कारण नाही.