विवाहविधी आणि भोजन यांमधील तास



आपल्या विवाहविधीला फार वेळ लागत नाही. त्रिसरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, आशीर्वाद. एवढे झाले की विवाह संपन्न होतो. पुढे वधूवर छायाचित्रांसाठी उभे राहतात, पंगतीची मांडामांड चालते आणि पाहुणे ताटकळतात. या रिकाम्या तासाविषयी मी आज बोलणार आहे. पाश्चात्त्य देशांत यालाच ‘कॉकटेल अवर’ म्हणतात; त्या वेळात पाहुण्यांना पेये व किरकोळ खाद्यपदार्थ देतात. पाहुण्याला तिष्ठत ठेवू नये, ही त्यामागची कल्पना चांगली आहे. ती आपण अवश्य घ्यावी. प्रश्न आहे तो पेल्यात काय असावे, एवढाच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवे शीलही तेच सांगते. असे असता एका विवाहात मी काय पाहिले? पंचशील म्हणून अर्धा तासही लोटला नव्हता, तोच वराचे चुलते पाचसहा जणांना घेऊन मांडवामागे गेले. ते परतले तेव्हा वधूच्या आईने धाकट्या मुलींना घरात बोलावून आतून कडी लावली. थोरल्या बहिणीच्या लग्नातला तो तास त्या मुलींनी कोंडून घेऊन काढला! बाटल्यांचे पैसे वधूपित्याने उसने आणले होते, हे मला मागाहून कळले. ‘वरपक्षाचा मान ठेवावा लागतो,’ असे ते म्हणाले. हा मान कोणाचा आणि तो कोणाच्या जिवावर?

म्हणून ही गोष्ट साखरपुड्याच्या बैठकीतच, चारचौघांत, स्पष्ट बोलून घ्यावी. ती वरपित्याने आपण होऊन बोलावी; वधूपित्याची जीभ त्या वेळी बांधलेली असते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे समारंभात दारू देण्यास परवाना लागतो, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. परंतु केवळ कायद्याचे भय दाखवून हा विषय मिटवावा, असे मला वाटत नाही.

आता व्यवस्थेकडे वळू. पाहुणे २०० असतील तर ३०० पेले धरावेत. २०० मिलिलिटरच्या पेल्याने ते ६० लिटर होतात. लिंबाच्या सरबताला सुमारे १५० लिंबे आणि साडेसात किलो साखर पुरते. साखरेचा पाक आदल्या रात्री करून ठेवावा, लिंबू मात्र ऐन वेळी पिळावे. आधी पिळलेला रस कडवट होतो. वैशाखात कैरीचे पन्हे, कोकणात कोकम, थंडीत चहा. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच आणावा. सोबत भाजलेले शेंगदाणे किंवा मूठभर चिवडा पुरे. पुढे जेवण आहेच.

सरबताचे पातेले मांडवाच्या मध्यभागी असावे. वृद्धांना व लेकुरवाळ्या स्त्रियांना बसल्या जागी पेला नेऊन द्यावा आणि हे काम दोन्ही पक्षांच्या तरुणांनी मिळून करावे. वाजंत्री, मांडव घालणारे, भांडी घासणाऱ्या बाया यांनाही त्याच पातेल्यातून, त्याच पेल्यांत द्यावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांची माणसे ओंजळभर पाण्यासाठी गेली, त्यांच्या मांडवात वेगळा पेला कोणासाठीही निघता कामा नये.

आणि वधूवरांना विसरू नका. छायाचित्रांच्या गडबडीत त्यांना कोणी विचारीत नाही, सकाळपासून त्यांच्या पोटात बहुधा काही गेलेले नसते. पहिले दोन पेले त्यांना द्या.